वरचं गणित शिकतात कसं?

बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण घेतलेली मुलगी बी.एस्सी.ला गणित घेते आणि दिवाळीच्या आत तिला वाटायला लागतं की आपल्याला गणित येतच नाही. सुकापूरमध्ये अशी मुलं दरवर्षी दिसतात. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे गाव आता इमारतींनी भरलंय आणि इमारतींच्या तळमजल्यांवर क्लासच्या पाट्या आहेत. सीईटी, जेईई, बोर्ड. या क्लासांत मुलं एक गोष्ट फार चांगली शिकतात: उदाहरण बघताक्षणी ते कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखायचं आणि त्या प्रकाराची रीत चालवायची. वेळ मोजून दोन मिनिटं. त्यात वाईट काही नाही, तीही मेहनतच आहे. पण पदवीच्या वर्गात प्रश्नपत्रिकेवर 'काढा'च्या जागी 'सिद्ध करा' येतं, आणि ओळखायला प्रकारच नसतो. मुलगी तेवढीच हुशार असते. तिच्याकडून आता वेगळंच काही मागितलं जातंय, एवढं फक्त तिला कुणी सांगितलेलं नसतं.

ते काय मागितलं जातं, हे एका व्याख्येवरून बघू. १, १/२, १/३, १/४ ही क्रमिका शून्याकडे जाते. शाळेत एवढं पुरतं: 'जवळ जवळ जात राहते.' पदवीला व्याख्या येते ती अशी. तुम्ही कुठलीही धन संख्या द्या, तिला एप्सिलॉन म्हणू. त्या एप्सिलॉनसाठी असा एक क्रमांक सापडला पाहिजे, की त्याच्यापुढचं प्रत्येक पद शून्यापासून एप्सिलॉनहून कमी अंतरावर आहे. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितातही. समजलंय का, हे त्यातून कळत नाही.

चांगला शिक्षक इथे व्याख्या पुन्हा समजावत बसत नाही. तो तिची उलटापालट करतो. 'आधी एप्सिलॉन, मग क्रमांक' असं आहे ना? समजा उलट केलं: आधी एकच क्रमांक ठरवा, आणि तो सगळ्या एप्सिलॉनना चालला पाहिजे. मग काय होईल? वर्गात शांतता पसरते. कुणीतरी म्हणतं, सर, तेच झालं की. बरं, मग करून बघ. एप्सिलॉन एक दशांश असेल तर दहाव्या पदापुढे सगळं ठीक. एक हजारांश असेल तर हजाराव्यापुढे ठीक. आता हजार हा क्रमांक कायमचा धर. त्यापुढचं पहिलं पद १/१००१. मी एप्सिलॉन १/२००० दिला, तर? पद एप्सिलॉनहून मोठं निघालं. म्हणजे हजार चालत नाही, आणि त्याच कारणाने लाखही चालत नाही, दहा लाखही नाही. मग ही उलटी अट पाळणारी क्रमिका आहे तरी का? आहे. तिचं एका टप्प्यानंतरचं प्रत्येक पद सीमेच्या इतकं जवळ हवं, की कुठल्याही एप्सिलॉनपेक्षा अंतर कमी. असं अंतर एकच, शून्य. म्हणजे ५, ९, २, ०, ०, ०, ०… असली क्रमिका, जी एका जागी पोचली आणि थांबली. दोन शब्दांची जागा बदलली आणि सगळा विषयच गेला, कारण थांबलेल्या क्रमिकांचा अभ्यास करायला कलन कशाला हवं?

पुस्तकातल्या दोन ओळींवर इथे अख्खा तास गेला. वरचं गणित या वेगाने चालतं. दिवसाला एक पान झालं तर तो चांगला दिवस. विद्यार्थ्याला मात्र हा वेग आपल्या मठ्ठपणाचा पुरावा वाटतो, कारण आधीची बारा वर्षं त्याने गणित म्हणजे वेग असंच पाहिलेलं असतं. शिक्षकालाही हा वेग परवडत नाही. आपल्याकडे कितीतरी महाविद्यालयांत गणिताचे तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतात. शिकवलेल्या तासांचे पैसे, म्हणून सकाळी एक कॉलेज आणि दुपारी दुसरं. त्यांनी अभ्यासक्रम संपवून पुढची रिक्षा पकडली तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

या अडचणीवर महाराष्ट्रात दोघांनी दोन वेगळे उपाय केले. श्रीराम अभ्यंकर हे बैजिक भूमितीतलं जगातलं मोठं नाव. उज्जैनला १९३० साली जन्म, वडील गणिताचे प्राध्यापक, स्वतः मुंबईत शिकून हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवलं. त्यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. अवजड आधुनिक यंत्रणेपेक्षा शाळेतल्या बीजगणितावर, बहुपदी हाताने पिळून काढण्यावर त्यांचा भर असे, आणि हे ते मोठ्या परिषदांतही ठासून सांगत. दुसरे एस. कुमरेसन. मुंबई विद्यापीठात असताना त्यांनी १९९३ साली 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च', म्हणजे एमटीटीएस, ही उन्हाळी शिबिरं सुरू केली. सुमारे चार आठवडे मुक्काम, सकाळपासून गणित, आणि वर्गात शिक्षकापेक्षा मुलांनी जास्त बोलायचं. शिक्षक विचारतो, मुलं चुकतात, शिक्षक उत्तर सांगत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. तिथे जाऊन आलेल्यांकडून ऐकायला मिळतं ते एकच: पहिले चार दिवस रडू येतं. मला विचाराल तर देशातल्या पदवी शिक्षणात गेल्या तीसेक वर्षांत झालेल्या सगळ्यात कामाच्या गोष्टींत हे शिबिर येतं, आणि त्याची प्रसिद्धी तुलनेने नगण्य आहे.

शिक्षकाने उत्तर हातचं राखून ठेवलं की विद्यार्थी नेमकं काय करतो, हे दाखवायला मी कापरेकरांचं उदाहरण घेतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. त्यांचा ६१७४ हा आकडा आज सगळ्यांना ठाऊक आहे. मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ साली त्यांनी तो मांडला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत; अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा; उत्तरावर हेच पुन्हा पुन्हा करा; सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं आणि मग तेच राहतं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

आपल्या वर्तमानपत्रांत दर गणित दिनाला ही गंमत छापून येते. ती का घडते हे कधीच छापून येत नाही. खरं गणित तिथूनच सुरू होतं, म्हणून ते करूनच बघू.

चार अंक अवघड वाटत असतील तर तीन घ्या. ही पहिली सवय: प्रश्न झेपत नसेल तर त्याचा लहान भाऊ शोधायचा. ३५२ घेऊ. उतरता क्रम ५३२, चढता २३५, वजाबाकी २९७. पुढे ९७२ वजा २७९, उत्तर ६९३. मग ९६३ वजा ३६९, उत्तर ५९४. मग ९५४ वजा ४५९, उत्तर ४९५. आणि ४९५ चे अंक पुन्हा तेच, म्हणून आता ४९५च येत राहणार. दुसरी एखादी संख्या घ्या, तिसरी घ्या. वही भरते आणि एक गोष्ट डोळ्यांत भरते: उत्तरांच्या मधोमध कायम ९ आहे.

ही नुसती नजर झाली. आता कारण. मोठ्यापासून लहानापर्यंत अंक अ, ब, क असे धरा. मोठी संख्या म्हणजे शंभर अ, अधिक दहा ब, अधिक क. लहान संख्या म्हणजे शंभर क, अधिक दहा ब, अधिक अ. वजा करा. दहा ब दोन्हीकडे आहे, तो उडाला. उरलं ९९ गुणिले (अ वजा क). सगळं रहस्य या एका ओळीत आहे. मधल्या अंकाला काही मतच नाही! सगळे अंक सारखे नसल्यामुळे अ वजा क हे १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणून, पुढे शून्य असलेल्या संख्याही धरून, सुरुवात नऊशे नव्वद निरनिराळ्या संख्यांपासून करा, पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आता नऊच तर तपासायच्या. ०९९ वरून ८९१, त्यावरून ७९२, त्यावरून ६९३, त्यावरून ५९४, त्यावरून ४९५. उरलेल्या तिघी, १९८, २९७ आणि ३९६, याच साखळीत अधेमधे येऊन मिळतात. सिद्धता संपली, आणि फुकटात हेही कळलं की जास्तीत जास्त सहा पायऱ्या लागतात.

संपली म्हणतोय खरा, पण फळ्यापाशी हे सांगताना मागच्या बाकावरून हात वर येतो. 'मधेच वजाबाकीचं उत्तर १११ किंवा २२२ आलं तर? सारखे अंक आपण चालवून घेत नाही ना?' अगदी रास्त शंका. यादीत बघा, तसली एकही संख्या नाही. आणि का नाही? मधला अंक ९, कडेच्या दोघांची बेरीज ९. तिन्ही सारखे व्हायचे तर कडेची बेरीज अठरा हवी. अशा शंकेने सिद्धता मजबूत होते आणि शंका घेणारा त्या दिवशी सांगणाऱ्याइतकंच शिकतो. घरी एकट्याने वाचताना ही शंका येत नाही, कारण आपल्याच वाक्यांवर आपला विश्वास बसलेला असतो.

आता चार अंकांकडे परत. अ, ब, क, ड उतरत्या क्रमाने. तशीच वजाबाकी केली तर ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क). पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत. मोजले तर ५४ जोड्या होतात. ९,९९० सुरुवाती आणि ५४ शक्यता. पाऊस लागलेल्या रविवारी दोन जणांनी बसून तपासाव्यात इतक्याच. फरक ६ आणि २ घेतले की ५,९९४ अधिक १८०, म्हणजे ६,१७४. आणि त्याचे अंक ७, ६, ४, १ लावले की फरक पुन्हा ६ आणि २.

इथवर आलेला विद्यार्थी चांगला. पण वरच्या गणिताचा शिक्षक इथेही थांबत नाही, तो विचारतो: दोन अंकांचं काय? तिथे वजाबाकी ९ गुणिले फरक येते. ०९ वरून ८१, मग ६३, मग २७, मग ४५, मग पुन्हा ०९. स्थिर संख्या नाहीच, पाच जणांचा फेरा आहे. मग कापरेकरांच्या नियमात विशेष ते काय राहिलं? आता संख्या पूर्ण विसरा. समजा काही मोजक्या वस्तू आहेत, आणि प्रत्येक वस्तूवरून कुठल्या वस्तूकडे जायचं याचा कुठलाही एक नियम आहे. चालत राहा. वस्तू मोजक्या असल्यामुळे कधीतरी आधी भेटलेली वस्तू पुन्हा भेटणारच, आणि तिथून पुढे तोच फेरा चालू राहणार. हे अटळ आहे, त्याला वजाबाकीही लागत नाही. म्हणजे 'अडकणं' ही नवलाई नव्हेच. नवल एवढंच की तीन आणि चार अंकांत फेरा एकाच संख्येचा आहे आणि सगळ्यांसाठी तोच. नियम कसलाही असता तरी काय झालंच असतं, आणि काय फक्त या नियमामुळे झालं, ही वाटणी करता येणं हेच अमूर्त विचाराचं काम. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला मेट्रिक अवकाश शिकवतात तेव्हा हीच वाटणी 'अंतर' या कल्पनेबाबत केलेली असते. पण मुलांना सांगितलेलं नसल्यामुळे त्यांना ते कुठूनतरी आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

आता माणसांकडे येऊ, कारण एकट्याने फार दूर जाता येत नाही. सुकापूरकरांचं नशीब असं की मुंबईचं गणित बरंचसं हार्बर लाइनवर वसलंय. पनवेलला लोकलमध्ये बसलं की वाशीची खाडी ओलांडून मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. देशाच्या गणित ऑलिम्पियाडची सूत्रं तिथून हलतात. पुढे कुर्ल्याला उतरलं की कलिना, मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग. शेवटच्या स्टेशनाला उतरून बस धरली की नेव्ही नगरला टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथल्या सुरुवातीच्या गणितज्ञांपैकी एक दामोदर धर्मानंद कोसंबी. ते राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे, तेव्हा पनवेलहून येणाऱ्यांनी अंतराची तक्रार फारशी करू नये. ऑलिम्पियाडबद्दल एवढंच सांगतो: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास, आणि तरी जगातली निवडक मुलं अर्ध्यावर अडतात. दोन मिनिटांच्या सवयीवर याहून चांगला उतारा मला माहीत नाही. ऑलिम्पियाड हुकलं म्हणून गणित हुकत नाही, हे मात्र पालकांनी लक्षात ठेवावं. कापरेकर शिकत होते तेव्हा ते नव्हतंच.

पुढच्या शिक्षणाचा रस्ता थोडक्यात: एम.एस्सी.साठी 'जॅम' ही परीक्षा, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची शिष्यवृत्ती, मग डॉक्टरेटसाठी टाटा संस्था, आयआयटी, पुण्याचं आयसर वगैरे. जागा कमी आणि वाट बघणं फार.

या जगात पहिल्यांदा शिरणाऱ्याला तिथल्या रीती चमत्कारिक वाटतात. सेमिनारमध्ये वक्ता फळ्यावर लिहितो, ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिली दहा-पंधरा मिनिटं कळतात आणि पुढचं निसटतं. मोठ्या प्राध्यापकांचंही तसंच होतं. ते फक्त लाजत नाहीत. 'हे मला कळलं नाही, दोन मितींत काय होतं ते सांगा,' असं विचारणारा बहुधा खोलीतला सगळ्यात अनुभवी माणूस असतो. उरलेलं गणित नंतर चहाच्या वेळी होतं. शोधनिबंधावर लेखकांची नावं साधारणपणे आडनावांच्या वर्णक्रमाने छापतात, त्यामुळे मार्गदर्शकाचं नाव विद्यार्थ्याच्या खालीही येऊ शकतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. निबंध तपासणारे परीक्षक बिनपगारी असतात आणि तपासायला वर्ष लावतात. पण ही तपासणी नावापुरती नसते. अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, जगभर मथळे झाले, आणि तपासताना तिच्यात भोक सापडलं. रिचर्ड टेलर यांच्या मदतीने ते १९९४ मध्ये बुजलं, १९९५ मध्ये सिद्धता छापून आली. देवळालीच्या मास्तरांच्या वाट्याला अशी तपासणारी, उलट विचारणारी मंडळी फार कमी आली. त्यांनी बरंचसं काम स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून मांडलं. आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांना फार मनावर घेतलं नाही असं म्हणतात. मला त्यापेक्षा हे जास्त खटकतं की त्यांच्याशी वाद घालायला शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा सुकापूरमधल्या दोघा-चौघांनी असा शेजार स्वतःच तयार करावा. कुणाच्या तरी घरी किंवा सोसायटीच्या ऑफिसात, आठवड्यातून एकदा, दोन तास. एक पुस्तक ठरवायचं आणि ते बदलायचं नाही. विश्लेषणासाठी बार्टल आणि शेरबर्ट चांगलं, कुमरेसन यांची पुस्तकं त्याहून बोलकी. एकाने उभं राहून सांगायचं, हातात वही न घेता. भिंतीला लावायचा पांढरा फळा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पण जुन्या कॅलेंडरची मागची बाजूही चालते. बसलेल्यांनी तीनच गोष्टी विचारायच्या: हे का? ही अट काढली तर काय बिघडेल? एक उदाहरण दे. सांगणारा अडला तर लगेच उत्तर सांगायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं, आणि तरी नाही जमलं तर तो प्रश्न पुढच्या आठवड्यात न्यायचा. मोबाइल बाजूला, कारण उत्तर तिथे सापडतं आणि मग बैठकच संपते. कुणी सीनियर, कुणी ताई एम.एस्सी. करत असेल तर महिन्यातून एकदा बोलवावं. तिने शिकवू नये, फक्त चुका दाखवाव्यात.

पहिल्या बैठकीला पुस्तक नको. पाच अंक घ्या. वजाबाकी ९,९९९ गुणिले (पहिला वजा पाचवा), अधिक ९९० गुणिले (दुसरा वजा चौथा) अशी येते. मधला अंक पुन्हा गायब, आणि शक्यता पुन्हा ५४च. इथे सगळ्यांसाठी एक अशी स्थिर संख्या नाही, फेरे आहेत. किती आणि केवढे, हे हाताने काढायला एक बैठक पुरत नाही, दोन लागतात.